आधीच्या भागातले ते दोघं

दिवाळीच्या चार दिवसांत कर्वेनगर ओळखू येत नाही. कमिन्स कॉलेजच्या रस्त्यावर एरवी संध्याकाळी चालायला जागा नसते, कारण निम्मं कर्वेनगर म्हणजे हॉस्टेलं, पीजी आणि 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी लावलेल्या खोल्या. धनत्रयोदशीच्या आत ही सगळी जनता पाठीवर सॅक टाकून, हातात बाकरवडीची पिशवी घेऊन आपापल्या गावी पळते. मेसला कुलूप, झेरॉक्सवाल्याला कुलूप, पोह्यांची गाडी ताडपत्रीखाली. मागे उरतात मूळची माणसं, आकाशकंदील आणि माझ्यासारखे काही अभागी जीव, ज्यांच्या अमेरिकेतल्या क्लायंटला दिवाळी नावाची भानगड माहीत नसते.

२०२५च्या दिवाळीत ऑन-कॉलची पाळी माझी होती. लॅपटॉप उघडा ठेवायचा, काही पेटलं तर विझवायचं, नाही पेटलं तर बसून राहायचं. काहीच पेटलं नाही. मग आत्याकडून आलेला फराळाचा डबा मांडीवर घेतला (ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे चकल्या अजून कुरकुरीत होत्या) आणि ख्रिसमसच्या धाकट्या राजपुत्राची गोष्ट दोन दिवसांत संपवली.

पुस्तकाचं नाव 'गो लक युवरसेल्फ'. लेखिका अमेरिकन, सारा राश. मालिकेचं नाव 'रॉयल्स अँड रोमान्स' आणि हा तिचा दुसरा भाग, मार्च २०२५मध्ये आलेला. पहिला भाग ऑक्टोबर २०२४चा, 'द नाइटमेअर बिफोर किसमस'. शीर्षकातला विनोद कळायला १९९३चा तो हॅलोवीन आणि ख्रिसमसचा सिनेमा आठवावा लागतो. नाही आठवला तरी बिघडत नाही, विनोद काही फार मोठा नाहीये.

आता जरा सावरून बसा, कारण या मालिकेतलं जग ऐकायला बावळट वाटतं. प्रत्येक सणाचं एक राजघराणं असतं. ख्रिसमसचं, ईस्टरचं, हॅलोवीनचं, सेंट पॅट्रिक्स डेचं. माणसांना त्या सणात जो आनंद होतो ना, तोच या राजांची जादू! म्हणजे आनंद हेच चलन आणि तेच पेट्रोल. ज्याचा सण मोठा, त्याची तिजोरी मोठी. पहिल्या भागाचा नायक ख्रिसमसचा युवराज निकोलस, लाडाचं नाव कोल, म्हणजे कोळसा. (व्रात्य मुलांच्या मोज्यात सांताक्लॉज खेळण्याऐवजी कोळसा टाकतो, असं तिकडच्या पोरांना दटावतात. घरचेच असं नाव ठेवणार असतील तर शत्रू हवेत कशाला!) वडलांनी कोलचं लग्न ईस्टरच्या राजकन्येशी ठरवलेलं. तिच्यासाठी म्हणून एक प्रतिस्पर्धीही आणून उभा केलेला, हॅलोवीनचा राजपुत्र हेक्स. आणि कोल नेमका त्या प्रतिस्पर्ध्याच्याच प्रेमात पडतो.

हो, दोन राजपुत्र. बरोबर वाचलंत.

दुसऱ्या भागात कोल आणि हेक्स एकत्र आहेत. कोल ख्रिसमसचा कारभार सुधारायच्या मागे लागलाय आणि बापाचं डोकं फिरून ते कॅरिबियन बेटांवर निघून गेलेत. अशात ख्रिसमसचा आनंद कुणीतरी चोरतंय असं लक्षात येतं. पुरावा एकच, आयर्लंडचं ते तीन पानांचं हिरवं रोप, शॅमरॉक. तपासाला जातो धाकटा भाऊ क्रिस, वरवर सदिच्छा दूत म्हणून. तिथे गेल्यावर कळतं की सेंट पॅट्रिक्स डेचा युवराज लॉकलन म्हणजे केंब्रिजमधला तोच पोरगा, ज्याच्याशी क्रिसचं तिकडे एक छोटंसं खाजगी युद्ध चालू आहे. अभ्यासिकेत पाण्याची बाटली ठेवून आपली जागा अडवणारा एक तरी प्राणी तुमच्याही आयुष्यात असेलच. आता कल्पना करा, त्याच्याच घरी पाहुणे म्हणून जायचं, आणि वर पेपरवाले तुमची जोडी जमवून मोकळे झालेत!

पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही. या प्रकारच्या कादंबरीत पुढे काय होतं ते सगळ्यांना पहिल्या पानावरच ठाऊक असतं. चोर कोण, ते मात्र मी सांगणार नाही, कारण आत्या हे सदर वाचते.

आत्याला मी कथा सांगितली तेव्हा तिने अर्ध्यात थांबवलं.

"थांब गं. म्हणजे ख्रिसमस हा थोरल्या जावेसारखा. बाकीच्या सणांचं पण खाऊन बसलाय."

"तसंच काहीतरी. पहिल्या भागात त्याच्या बापाने बाकीच्या सणांवर दादागिरीच केलेली असते."

"मग आपल्याकडे काय वेगळं आहे? दिवाळीने काय केलं? वसुबारस वेगळी होती, पाडवा वेगळा, भाऊबीज वेगळी. आता सगळ्यांचा मिळून एकच सेल लागतो. आणि गणपतीपुढे हरतालिकेला कोण विचारतं?"

मग आम्ही दोघी तासभर तेच करत बसलो. संक्रांत ही गोड बोलून काम करून घेणारी राजकन्या. होळीचा राजपुत्र दारावर लाथ मारून येणार. नागपंचमी एकेकाळची श्रीमंत, आता वाड्याचा एक भाग भाड्याने दिलेला. बैलपोळ्याला शहरात कुणी ओळखत नाही, पण गावाकडे त्याचा मान अजून तसाच. गुढीपाडवा पहाटे उठून आवरून बसलेला, बाकी सगळे अजून झोपेत. आणि दिवाळीपाडव्याला घरात कुणी नाव ठेवू शकत नाही, कारण आपल्या पंचांगातला अधिकृत रोमँटिक सण तोच एक. बायकोने ओवाळायचं, नवऱ्याने ओवाळणी टाकायची. व्हॅलेंटाइनवाल्यांनी येऊन ट्रेनिंग घ्यावं.

शेवटी आत्या म्हणाली, "पण हे टाइमपासच ना गं सगळं?"

टाइमपास तर टाइमपास. पण हा आरोप मराठीत चांगला दीडशे वर्षांचा आहे. आपल्या कादंबरीचं बालपण बघा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली १८५७ साली, ती विधवांच्या दुःखाबद्दल. पण त्यानंतर वाचकांनी डोक्यावर घेतल्या त्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य प्रेमकथा. राजपुत्र, राजकन्या, कपटी कारभारी, घनदाट अरण्यं, अशक्य योगायोग आणि शेवटी मीलन. आज पुस्तकाच्या दुकानात 'रोमँटसी' म्हणून वेगळं कपाट लावतात, ते आपल्याकडे तेव्हाच लागलं होतं. लगेच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयावर निबंध लिहून या मंडळींचे कान उपटले. तेव्हापासून मराठी माणूस प्रेमकथा वाचतो ती जाडजूड वैचारिक पुस्तकाच्या आत ठेवून.

सणाच्या दिवशी वाचायची जादूची गोष्ट हीसुद्धा आपल्याला नवीन नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. वाराची कहाणी वेगळी, व्रताची वेगळी. राजे, राण्या, नावडती सून, रानात एकाएकी लखलखणारं सोन्याचं देऊळ. त्या त्या दिवशी वाचायच्या, आणि शेवट काहीही झालं तरी सुफळ संपूर्ण! कहाणी ऐकणाऱ्या बाईला शेवट माहीतच असायचा. तरी ती हातात तांदूळ धरून पूर्ण ऐकायची. माझी आजी सोमवारची कहाणी पाठ असूनही पुस्तक समोर ठेवायची आणि कुणी मध्येच बोललं तर चष्म्याच्या वरून बघायची. सारा राशबाईंची ती आद्य वाचक.

पण माझा मुद्दा शेवटाबद्दल नाहीये. मुद्दा आहे दुसऱ्या भागाबद्दल.

इंग्रजी प्रेमकथांच्या मालिकांची एक गंमत असते. पहिल्या भागात एक जोडी जुळते. दुसऱ्या भागात कथा सरकते भावाकडे, बहिणीकडे, मैत्रिणीकडे. पहिली जोडी मात्र जात नाही. ती मागे कुठेतरी असते. ब्रेकफास्टच्या टेबलावर, फोनच्या पलीकडे, समारंभात कोपऱ्यात. त्यांचं आता काहीही होत नाही. एकमेकांची थट्टा करतात, एकमेकांच्या वाक्यांत वाक्यं घुसवतात, नव्या नायकाला नको तेव्हा सल्ला देतात. लेखिकेच्या दृष्टीने ते आता फर्निचर! पण वाचक पहिला डोळा तिकडेच टाकतो. आहेत ना? ठीक आहेत ना? बरं, मग चला पुढे.

आपल्याकडे पुढचा भाग म्हणजे काय असतं? टीव्हीवरची मालिका घ्या. लग्नापर्यंत सगळं गोड. लग्न झालं की दुसऱ्या सोमवारपासून अपहरण, स्मृतिभ्रंश, नवऱ्याची हमशकल, सासूच्या दुधात विष. टीआरपीला सुखी माणूस चालत नाही. पहिल्या भागात कमावलेल्या सुखाची वाट लावणं, यालाच आपण पुढचा भाग म्हणतो. त्या मानाने ही बावळट पुस्तकं फार सभ्य असतात. कमावलेलं सुख बँकेत ठेवतात आणि दर सणाला पासबुक दाखवतात.

हे मला कुणी समजावलं असेल तर ऑफिसमधल्या एका मित्राने. नाव नाही सांगत, गावही नाही. आमच्याच मजल्यावर बसतो, कँटीनचा चहा त्याच्याइतका कुणीच शिव्या देत पीत नाही. २०२४च्या नाताळात मी पहिला भाग वाचत होते तेव्हा त्याने मुखपृष्ठ बघितलं, उलटंसुलटं केलं आणि अगदी सहज आवाजात विचारलं,

"शेवटी कुणी मरत नाही ना?"

मी म्हटलं, "अरे, प्रेमकथा आहे. विनोदी."

"ते कळलं. मरत नाही ना?"

"नाही."

"आणि कुणी परदेशी वगैरे निघून जात नाही? लग्न करून?"

"कुणाशी?"

"मुलीशी."

"नाही रे."

"मग दे वाचून झालं की. पण कव्हर घालून दे."

ब्राउन पेपरचं कव्हर घातलं, शाळेतल्यासारखं. वर नाव, विषय, तुकडी लिहायचं तेवढं राहिलं.

त्याचे प्रश्न विक्षिप्त वाटतील, पण आपल्याच भाषेतली उत्तम पुस्तकं समोर ठेवून बघा. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं १९८१मध्ये. पुण्यातल्या कॉलेजातली सुमित्रा, तिला सगळे 'मित्रा' म्हणतात, एका मुलीवर प्रेम करते. ती शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ची कादंबरी, तीही पुण्याची. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊही पडतो आणि बहीणही, आणि तो तरुण दोघांनाही सोडून निघून जातो. २०२२मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. दोन्ही कलाकृती ताकदीच्या आहेत, त्यांच्याशी या चॉकलेटी पुस्तकाची तुलना केली तर तेंडुलकर मला स्वप्नात येऊन रागवतील. पण जरा त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. सोळाव्या वर्षी लपूनछपून स्वतःला पुस्तकांत शोधायला जावं, आणि दर वेळी शेवटच्या पानावर आपलंच दुःखद निधन. एखाद्याने वाचायच्या आधी चौकशी केली तर काय चुकलं?

ही जागाही या विषयाला अगदीच परकी नाही. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्वे यांनी विधवांसाठी काढलेली संस्था १९००च्या सुमारास पुण्यातून उचलून इथल्या माळावर आणली, एका झोपडीत. त्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे यांनी १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' छापलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींना प्रेमाबद्दल, शरीराबद्दल, घरच्यांबद्दल काय वाटतं ते त्यात होतं. केवढा गहजब झाला! कोण ही विभावरी, म्हणून पुणं धुंडाळायला निघालं. टोपणनाव म्हणजे तरी काय, लेखिकेने स्वतःवर घातलेलं ब्राउन पेपरचं कव्हरच. आज त्याच माळावर हजारो मुली राहतात, नोकऱ्या करतात, कुणाशी लग्न करायचं ते बऱ्यापैकी स्वतः ठरवतात, आणि निःश्वास टाकतात तो मेसच्या भाजीवर.

मित्राकडे परत येऊ. त्याला सण आवडत नाहीत. म्हणजे फराळ आवडतो, किल्ले आवडतात, आईच्या हातचं उटणंही आवडतं. पण सण म्हणजे सगळे एकत्र. सगळे एकत्र म्हणजे काकू. आणि काकू म्हणजे "आता तुझंच राहिलंय हं!" त्याचा जोडीदार पुण्यातच असतो, चार वर्षं झाली. दिवाळीला हा एका गाडीने उत्तरेकडे जातो, तो दुसऱ्या गाडीने दक्षिणेकडे. लक्ष्मीपूजनाला दोघं आपापल्या गच्चीवरून फोन करतात. मागे फटाके वाजत असतात म्हणून काही ऐकू येत नाही. कायदा म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाला मान्यता द्यायला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ला नकार दिला, ते काम संसदेचं म्हणून सांगितलं. तेव्हा आता ते गुन्हेगार नाहीत, आणि जोडपंही नाहीत. काकूंना उत्तर द्यायला या दोन्ही निकालांचा काही उपयोग होत नाही.

अशा माणसाला ख्रिसमसचा युवराज आणि हॅलोवीनचा राजपुत्र एका सणाला एका टेबलावर बसलेले दिसतात, आणि टेबलावरच्या कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही, यात केवढी जादू आहे बघा. उडणारे रेनडियर त्यामानाने किरकोळ.

या दुसऱ्या भागाचं नेपथ्य आयर्लंड आहे, याचीही मला गंमत वाटली, कारण त्या देशाचं आणि आपल्या कोकणाचं एक नातं आहे. मे २०१५मध्ये आयर्लंडने समलिंगी विवाहावर थेट जनमत घेतलं. सुमारे ६२ टक्के लोकांनी होकार दिला. जनतेच्या मतदानाने असा विवाह मान्य करणारा तो जगातला पहिला देश. त्याच वर्षी जानेवारीत, आपल्या ३६व्या वाढदिवशी, तिथल्या एका मंत्र्याने रेडिओवर सांगून टाकलं होतं की मी गे आहे. त्या मंत्र्याचं नाव लिओ वराडकर. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव वराड, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग! आई आयरिश, नर्स. जून २०१७मध्ये हे लिओ आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्या चॅनेलांनी मालवणी माणसाचा झेंडा अटकेपार वगैरे हेडलाइनी चालवल्या. त्यातला दुसरा तपशील काहींनी सांगितला, काहींनी सोयीने गिळला.

पण माझ्या आवडीचा प्रसंग पुढचा आहे. डिसेंबर २०१९च्या शेवटी, नाताळच्या सुट्टीत, पंतप्रधान असताना लिओ वराडला आले. खाजगी भेट. आईवडील, बहिणी, त्यांचे नवरे, पोरंबाळं, तीन पिढ्या, आणि त्यांचा जोडीदार मॅट. आजोबांच्या घरी. गावाने जंगी स्वागत केलं. म्हणजे नाताळची सुट्टी, हिरव्या देशातून आलेला राज्यकर्ता, सोबत त्याचा प्रियकर, आणि समोर माडापोफळीतलं आजोबांचं घर! राशबाईंनी हे लिहिलं असतं तर त्यांच्या संपादकाने 'जरा अती होतंय' म्हणून खोडलं असतं.

मित्राला मी हे मोठ्या उत्साहात सांगितलं. तो म्हणाला, "पंतप्रधान असलं की गाव येतं गं हार घेऊन. टीम लीडचं काय?"

त्याचं खरं आहे. राजपुत्रांच्या गोष्टींची अडचण हीच असते, की त्यात राजपुत्र असतात. कोलला ख्रिसमसचं सिंहासन आहे, वराडकरांना आयर्लंडचं होतं. सिंहासनावर बसलेल्या माणसाला काकू काय विचारणार? आमच्या मित्राकडे आहे एक वन बीएचके, तोही दोघांच्या नावावर करताना बँकेतल्या माणसाने "भाऊ का?" म्हणून विचारलं होतं. "मित्र" म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि वर बघितलं.

म्हणूनच मला क्रिस जवळचा वाटला. तो सिंहासनावर बसणार नाही. स्टेपनी आहे बिचारा. थोरल्याच्या गोंधळांवर पांघरूण घालण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, आणि आता थोरला शहाण्यासारखा वागायला लागल्यावर आपलं काय काम उरलं, या काळजीत. ऑफिसात अशी माणसं असतात बघा. दुसऱ्याच्या चुका निस्तरण्यात इतकी तरबेज, की अप्रेझलच्या वेळी "तू नक्की काय केलंस?" याला उत्तर नसतं. पहिल्या भागात तो चेष्टामस्करीपुरता होता. इथे कथा तो स्वतः सांगतो आणि कळतं की आतून किती घाबरलेला आहे. भावाचं सुख जवळून बघतोय, भावासाठी मनापासून खूश आहे, आणि तेच आपल्याला कधी मिळेल असं त्याला वाटत नाही. सुखी जोडप्याच्या घरी दिवाळीला जेवायला गेलेल्या प्रत्येक एकट्या माणसाला हे ठाऊक आहे. जेवण उत्तम असतं. परत येताना रिक्षात उगाच गप्प बसायला होतं.

पुस्तकात खोट नाही असं अजिबात नाही. मधली शंभरेक पानं दोघं नुसते भांडतात, लाजतात, परत भांडतात. एकमेकांना चिडवायच्या त्यांच्या खोड्या दोनदा हसवतात, पाचव्यांदा नाही. विनोद इतके इंटरनेटी आहेत की दहा वर्षांनी तळटीपा लागतील. राजकारणाचं धागादोरा प्रकरण शेवटी घाईघाईत गुंडाळलंय, चोराची कुणकुण मला चिवड्याचा डबा संपायच्या आत लागली होती. आयर्लंड तर बरंचसं पोस्टकार्डावरचं. आपल्यावर कुणी अशी 'गणेशोत्सवाचा युवराज' लिहिली, त्यात सगळे सकाळी मोदक खाऊन ढोल वाजवायला जातात असं दाखवलं, तर आपण काय म्हणू? आयरिश माणूसही तेच म्हणत असणार.

आणि हो, एक धोक्याची सूचना. हिंजवडीच्या बसमध्ये शेजारच्याला डोकावून वाचायची सवय असेल तर उत्तरार्ध घरीच वाचा. रॉयल्स कमी आणि रोमान्स जास्त अशी काही पानं आहेत. चांगलीच चावट.

पण मग मध्येच कुठेतरी एखादं पान येतं. क्रिस वैतागलेला असतो, सगळं फसलेलं असतं, आणि भाऊ आणि हेक्स दोघंही त्याच्या बाजूने उभे राहतात, काही मोठं भाषण न करता. त्या वेळी कथा कुणाची आहे ते मी विसरून गेले. ते दोघं दुसऱ्याच्या गोष्टीत नुसते पाहुणे म्हणून आलेत, आणि किती मजेत आहेत! मराठीत मला हे वाचायचंय. प्रेमात पडणं नको, तगमग नको, घरच्यांना सांगायचा तो प्रसंग तर नकोच नको. त्याच्या पुढचा भाग हवाय. दोन पुरुष किंवा दोन बायका भाऊबीजेला ताईकडे आल्यात, ताईचं स्वतःचं काहीतरी मोठं रामायण चालू आहे, ती कथा तिची आहे, आणि हे दोघं मागे ओट्याशी उभे राहून अनारसे बिघडवतायत. कुणी लिहीत असेल तर दिवाळी अंकासाठी आत्ताच लागा कामाला. 'मनोरंजन'कार का. र. मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंक सुरू केल्यापासून त्यात एवढं सगळं छापून आलंय, अनारशांना दोन पानं सहज मिळतील.

दिवाळी झाली, कर्वेनगर पुन्हा भरलं. पोह्यांच्या गाडीवरची ताडपत्री निघाली. ऑफिसात मित्र आला तो लाडवांचा डबा आणि दरवर्षीचा तोच थकलेला चेहरा घेऊन. काकूंनी या वेळी एक फोटोही दाखवला होता म्हणे, मुलगी सीए. मी काही बोलले नाही. दुसरा भाग ब्राउन पेपरचं कव्हर घालून त्याच्या डेस्कवर ठेवला.

रात्री साडेअकराला मेसेज आला. "सत्तर पानं झाली. धाकटा फार डोकं खातो." मग दोन मिनिटांनी दुसरा. "ते दोघं अजून आहेत."

पुस्तक अजून परत आलेलं नाही. मध्यंतरी विचारलं तर म्हणाला, जोडीदार वाचतोय. त्याच्यानंतर नंबर आत्याचा आहे. तिला म्हणे फक्त चोराचं नाव हवंय, तरी कव्हर काढून द्यायला सांगितलंय.